ग्रेसन काउंटीतील घरगुती फिती : जतनकार्याच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

ग्रेसन काउंटीतील एका कुटुंबाने घरातील सगळी जुनी ध्वनिमुद्रणे आज माझ्याकडे सोपवली. व्हर्जिनिया राज्याचा हा नैर्ऋत्य कोपरा ॲपलाचियन पर्वतरांगेत मोडतो, नॉर्थ कॅरोलायनाची हद्द त्याला लागूनच आहे, आणि जुन्या फिडल-बँजो संगीताचे कित्येक नामवंत वादक या हद्दीच्या दोन्ही अंगांना राहून गेले. या घरातील आजोबा फिडल वाजवीत आणि आजी बँजो वाजवीत. दोघांनी आयुष्यभर शेती केली आणि त्यांची एकही तबकडी कधी बाजारात निघाली नाही. जे काही उरले आहे ते स्वयंपाकघरात, ओसरीवर आणि नातलगांच्या बैठकींत घरच्याच यंत्रांवर टिपलेले आहे: १९४०च्या दशकातील काही तबकड्या, बारीक पोलादी तारेवर मुद्रण केलेले एक रीळ, १९५० आणि १९६०च्या दशकांतील स्पूल, म्हणजे चुंबकीय फितीची उघडी रिळे, आणि त्यानंतरच्या कॅसेट.

मराठी वाचकांसाठी एवढे सांगून ठेवते की फिडल हे रचनेने व्हायोलिनच असते, वेगळेपण असते ते तारांच्या जुळणीत, गजाच्या चालीत आणि बसण्याच्या ढबीत. येथील बँजो म्हणजे कातडे ताणून बसवलेल्या कड्याचे, लांब मानेचे पाच तारांचे वाद्य. आपल्याकडे मिरवणुकीत वाजणाऱ्या बेंजोशी त्याचा संबंध नाही. या भागातील जुन्या पद्धतीत नखाच्या पाठीने तारेवर खाली आघात करतात आणि त्यालाच जोडून अंगठ्याने पाचवी, आखूड तार छेडतात. त्या आखूड तारेचा एकच स्वर सतत मध्येमध्ये वाजत राहतो.

कुटुंबाला ही घाई का वाटली, ते समजण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाच्या पावसाने न्यू रिव्हरला मोठा पूर आला आणि जवळच्या डमॅस्कस गावाची दैना झाली. या खोक्यांपर्यंत पाणी पोहोचले नाही, पण खोकी तळघरात होती. जुलै २०२२ मध्ये केंटकीतील व्हाइट्सबर्ग येथे ॲपलशॉप या संस्थेच्या इमारतीत पुराचे पाणी शिरले आणि अनेक दशकांच्या फिती व चित्रफिती चिखलात भिजल्या. ती बातमी या भागात अजून कोणी विसरलेले नाही.

कामाचा नियम आजच लिहून ठेवते. प्रत्येक फीत पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, मधले बोलणे, खोकला, वाद्य जुळवणे आणि शांतता यांसह उतरवायची. धुना वेगळ्या कापून काढायच्या नाहीत. या धुनांपैकी बहुतेक अन्य वादकांच्या वादनात कोठे ना कोठे उपलब्ध असतील; या घरात त्या कशा वाजल्या, कोणासाठी वाजल्या आणि वाजवण्याआधी कोण काय म्हणाले, हे मात्र येथेच आहे.

१९ जानेवारी

आजचा सगळा वेळ यादीत गेला. एकही फीत यंत्रावर चढवली नाही. प्रत्येक डब्याचे सहा बाजूंनी छायाचित्र काढले, आतल्या चिठ्ठ्यांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढली, आणि खोक्यांत फिती ज्या क्रमाने होत्या तो क्रम कायम ठेवूनच त्यांना क्रमांक दिले. क्रमांक डब्याच्या आत मऊ शिसपेन्सिलीने लिहिले आहेत, कारण शाई उतरते आणि चिकटपट्टीचा डिंक वर्षांनंतर कागद खातो.

डब्यांवर दोन हस्ताक्षरे आहेत. एक ठसठशीत आणि तिरके आहे. ते आजींचे असल्याचे कुटुंबाने सांगितले. दुसरे नंतरचे असून बॉलपेनचे आहे. दुसऱ्याने बऱ्याच ठिकाणी आधीची नावे खोडून नवी घातली आहेत. कोणते नाव बरोबर, हा निर्णय मी करणार नाही. दोन्ही नावे, हस्ताक्षराच्या उल्लेखासह, नोंदीत जातील. एकच धून एका खोऱ्यात एका नावाने आणि डोंगरापलीकडे दुसऱ्या नावाने ओळखली जाते, तर काही वेळा एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या धुना सापडतात. त्यामुळे खोडलेले नाव हे चुकीचेच असते असे धरून चालत नाही.

२ फेब्रुवारी

स्पूल तपासले. पहिली पायरी फीत कशाची आहे हे ठरवण्याची असते, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर अवलंबून असतात. रीळ दिव्यासमोर आडवे धरले आणि गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर फीत सेल्युलोज ॲसिटेटची. गुंडाळी अपारदर्शक दिसली तर बहुधा पॉलिएस्टरची. ॲसिटेटची फीत वयाने ठिसूळ होते, पण तुटली तर स्वच्छ तुटते आणि दोन्ही टोके जुळवून सांधता येते. पॉलिएस्टर सहसा तुटत नाही, ते ताणले जाते, आणि ताणलेल्या भागातला स्वर कायमचा वाकतो. सांधणाऱ्याच्या दृष्टीने जुनी ॲसिटेट फीतच अधिक प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे.

१९५०च्या दशकातील काही डबे उघडताच व्हिनेगरचा वास आला. ॲसिटेटचे विघटन सुरू झाले की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, आणि ते आम्ल साचून राहिले तर विघटनाचा वेग आणखी वाढतो. म्हणून हे डबे बाकीच्यांपासून लगेच वेगळे केले. आम्लता मोजण्यासाठी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. निळी पट्टी हिरवी आणि मग पिवळी होत जाते. प्रत्येक डब्यात एकेक पट्टी ठेवली आहे. ज्या डब्यातील पट्टी सर्वांत जास्त पिवळी होईल, तो स्पूल आधी उतरवायचा.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातील एका स्पूलची अडचण निराळी निघाली. फिरवताच तो किंचाळू लागला आणि हेडवर, म्हणजे फितीवरील ध्वनी वाचणाऱ्या यंत्राच्या भागावर, तपकिरी चिकट थर जमला, म्हणून यंत्र तत्काळ थांबवले. त्या काळातील अनेक पॉलिएस्टर फितींत चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा बंधक हवेतील ओल शोषून चिकट होतो. अशी फीत सुमारे ५४ अंश सेल्सिअसच्या नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवली की बंधक तात्पुरता पूर्ववत होतो आणि तेवढ्या अवधीत ती वाजवून घेता येते. हे काम घरच्या ओव्हनमध्ये कधीही करू नये, आणि ॲसिटेटच्या फितीला तर उष्णता मुळीच देऊ नये, कारण ती वळते, आक्रसते आणि कायमची हातची जाते. हा स्पूल मी एका ध्वनी प्रयोगशाळेकडे पाठवत आहे.

८ फेब्रुवारी

पहिले स्पूल आज उतरवले. फितीची रुंदी ६.३ मिलिमीटर. त्या काळची बहुतेक घरगुती यंत्रे निम्म्या रुंदीवर एका दिशेने मुद्रण करीत, मग रीळ उलटवून उरलेल्या निम्म्यावर दुसऱ्या दिशेने. पुढे आलेल्या यंत्रांनी तीच रुंदी चार पट्ट्यांत विभागली. पूर्ण रुंदी वाचणारे हेड लावले तर आजोबांचे फिडल सरळ आणि त्याच्याखाली दुसऱ्या बाजूवरील रविवारच्या प्रार्थनेतील गाणे उलटे, असे दोन्ही एकदम ऐकू येते. चुंबकीय पट्ट्यांची ठेवण दाखवणारी भिंगाची काच फितीवर ठेवून आधी पट्ट्या मोजल्या आणि मगच हेड निवडले.

आजच्या स्पूलवर मुद्रण करणाऱ्याने काटकसर केलेली दिसते. पहिली बाजू सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने भरलेली आहे. दुसऱ्या बाजूवर मध्येच वेग निम्मा, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर केला आहे, बहुधा फीत संपत आली आणि मंडळी अजून वाजवीतच होती म्हणून. निम्म्या वेगावर उंच स्वरांतील बारकावे कमी उमटतात, त्यामुळे गजाचा खरखरीत स्पर्श तेथे मऊ झालेला ऐकू येतो. त्या जागेची वेळ नोंदली आहे, म्हणजे पुढे कोणी अभ्यासक वादनाच्या शैलीत बदल झाला असा निष्कर्ष काढणार नाही.

जतनप्रतीचे प्रमाण ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, म्हणजे ध्वनीचे सेकंदाला ९६ हजार नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, असे ठेवले आहे. ध्वनी अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांना ते धरून आहे. एकाच वाहिनीच्या तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. धारिका, म्हणजे संगणकातील फाइल, दाबून लहान न करता वेव्ह स्वरूपात साठवली आहे, आणि प्रत्येक धारिकेची पडताळणी संख्या, म्हणजे पुढे तिच्यात काही बिघडले तर ओळखू येईल असा आकडा, स्वतंत्र यादीत लिहिली आहे. तीन प्रती तीन ठिकाणी राहतील आणि त्यांतील एक डोंगराच्या दुसऱ्या बाजूला असेल.

२२ फेब्रुवारी

वेगाचा प्रश्न या कामात सर्वांत अवघड असतो आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही. घरगुती यंत्रांच्या मोटरी कधी जलद तर कधी मंद फिरत. फीत चुकीच्या वेगाने वाजली तर धून ओळखू येते, पण जुळणी, पट्टी आणि लय तिन्ही खोटी ठरतात, आणि आज शिकणारा तरुण वादक तीच खोटी पट्टी खरी मानून चालतो.

पट्टी ठरवण्यासाठी वाद्याचाच आधार घेता येत नाही. हे वादक स्वरकाट्यावर किंवा पियानोवर वाद्य लावीत नसत. ज्या दिवशी तार जेथे बसेल तेथे लावीत आणि बाकीची वाद्ये त्यावर जुळवून घेत. आधार सापडतो तो विजेत. अमेरिकेत घरोघरी येणारा वीजप्रवाह सेकंदाला ६० आवर्तनांचा असतो, आणि जुन्या यंत्रांत त्याची बारीक गुणगुण ध्वनीसोबत फितीवर उतरलेली असते. ध्वनीतील कंपनसंख्या दाखवणाऱ्या वर्णपटाच्या आलेखात ती ६० हर्ट्झवर, तिचे गुणक १२० आणि १८०वर, सरळ आडव्या रेघा होऊन दिसतात. १८०ची रेघ वाचून तीनने भागले की चूक कमी होते.

आजच्या एका स्पूलवर ही गुणगुण ५७ हर्ट्झवर आढळली. म्हणजे मुद्रणाच्या वेळी यंत्र प्रमाणापेक्षा जलद फिरत होते, आणि प्रमाणित यंत्रावर तीच फीत पाच टक्के मंद वाजत आहे. पेटीच्या भाषेत सांगायचे तर सगळे वादन जवळजवळ एका पट्टीने उतरलेले होते. रेघ ६०वर आणल्यावर फिडल पांढरी सहाच्या, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या, किंचित वर स्थिरावले, आणि बँजोही बरोबर तेथेच. किंचित वर, हे आता खरे मानता येते. आजोबा त्या दिवशी खरोखरच थोडे चढे वाजवीत होते. पट्टी नेमकी पांढरी सहावर आणून बसवण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे.

वेग सुधारल्यामुळे जुळणीही स्पष्ट झाली. व्हायोलिनची नेहमीची जुळणी खालून वर पांढरी पाच, दोन, सहा, तीन अशी असते. या डोंगरांतील वादक पांढरी सहाच्या धुनांसाठी खालच्या दोन्ही तारा चढवून सहा-तीन-सहा-तीन अशी जुळणी करतात. आपल्याकडील व्हायोलिनवादक सा-प-सा-प लावतात, तीच ही जुळणी, आणि कारणही मिळतेजुळते आहे: मोकळ्या तारा सतत घुमत राहाव्यात. आजच्या स्पूलवर एक धून पांढरी दोनमध्ये, सर्वांत खालची तार दोनपर्यंत उतरवून वाजवलेली आहे, आणि त्या तारेच्या सैलपणामुळे गज पडताच तिचा स्वर क्षणभर हेलकावतो. वेग पाच टक्के चुकीचा असताना हा हेलकावा फितीचा दोष वाटत होता.

आधीची मूळ धारिका जशी उतरली तशीच राहील. दुरुस्ती ऐकण्याच्या प्रतीत केली आहे आणि तिचे गणित नोंदीत दिले आहे. महाराष्ट्रात घरगुती मैफलींचे स्पूल ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही ही पद्धत वापरता येईल, फक्त भारतातील प्रवाह ५० आवर्तनांचा असल्यामुळे रेघ ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर शोधावी लागेल. गायकाची नेमकी पट्टी कोणती, यावरचे कित्येक वाद त्यातून मिटू शकतील.

८ मार्च

आज आजी-आजोबांच्या थोरल्या कन्या ब्लॅक्सबर्गला माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, कान उत्तम आहेत, आणि फितींवरील बहुतेक आवाज ओळखणाऱ्या त्या आता एकट्याच उरल्या आहेत. त्यांच्यासमोर मी फक्त यंत्र चालवले आणि दुसऱ्या ध्वनिमुद्रण यंत्रावर त्यांचे बोलणे टिपले. प्रश्न कमी विचारले. फीत थांबवायची ती त्यांनी हात वर केल्यावरच, असे ठरले होते.

१९५०च्या दशकातील नाताळच्या एका स्पूलवर फिडल विलक्षण घुमते आहे. बाकीच्या फितींवर तोच फिडल कोरडा आणि जवळून ऐकू येतो. मला वाटले होते की ध्वनिग्राहक लांब ठेवला असावा. कन्यांनी सांगितले की त्या रात्री नाचासाठी खोलीतील पलंग, कपाट, खुर्च्या सगळे अंगणात काढून ठेवले होते, आणि रिकाम्या लाकडी खोलीचा तो आवाज आहे. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत, ज्याला येथे जुना नाताळ म्हणत, एकेका रात्री एकेका घरी असा नाच करण्याची प्रथा या हद्दीच्या दोन्ही बाजूंना होती. त्याच फितीवर लयीत एक ठोका येतो, तो एका पायाचा नाही. तो फळ्यांवर नाचणाऱ्या सगळ्यांचा मिळून आहे, आणि मधूनच तो वाद्यांपेक्षा अंमळ पुढे जातो. आजी बँजोवर तो सावरून घेतात. आखूड तारेवरचा अंगठा ठरलेल्या जागीच पडतो आणि दोन-चार आवर्तनांत नाचणारे परत जागेवर येतात. हे मी आधी ऐकले होते, पण काय ऐकते आहे हे कळले नव्हते.

दुसऱ्या एका स्पूलवर धून सुरू होण्याआधी आजोबा ती कोणाकडून शिकले ते सांगतात. तो माणूस कृष्णवर्णीय बँजोवादक होता आणि रेल्वेमार्गाच्या कामासाठी या बाजूला आला होता. त्याचे नाव ते घेतात, पूर्ण घेतात, आणि एक लकेर त्याच्यासारखी वाजवून दाखवतात. हे बोलणे पाऊण मिनिटाचेही नाही. बँजो हे मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत घडवलेले वाद्य आहे. भोपळ्यावर कातडे ताणून केलेली त्याची जुनी रूपे त्यांच्याच हातची. तरीही १९२०च्या दशकात तबकड्यांच्या कंपन्यांनी कृष्णवर्णीयांचे आणि डोंगरी गोऱ्यांचे संगीत वेगवेगळ्या सूचींत विभागून विकले, आणि फिडल-बँजो वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय वादकांना त्या विभागणीत फारच कमी जागा मिळाली. अशा वादकांचा पुरावा कित्येकदा शिष्याच्या तोंडी आलेल्या एखाद्या वाक्यापुरताच उरतो. केवळ धुना कापून ठेवल्या असत्या, तर हे वाक्य पहिल्याच दिवशी गेले असते.

एका ठिकाणी शेजारच्या घरातील भांडणाची चर्चा आहे. ज्यांच्याविषयी ती आहे त्यांची मुले-नातवंडे त्याच रस्त्यावर राहतात. तो भाग जतनप्रतीत राहील, परंतु ऐकण्याच्या प्रतीत बंद राहील, आणि तो कधी खुला करायचा ते कुटुंब ठरवील.

१५ मार्च

कॅसेटचे काम सुरळीत चालले आहे. प्रत्येक कॅसेट ज्या यंत्रावर भरली गेली त्याच्या हेडचा कल निराळा असतो, म्हणून वाजवण्याआधी हेड स्क्रूने किंचित झुकवून वरच्या पट्टीचे स्वर सर्वांत उजळ होतील अशा जागी आणावे लागते. बॅटरीवर भरलेल्या कॅसेटमध्ये विजेची गुणगुण नसते. सेल उतरत गेले की मुद्रण मंदावत जाते आणि वाजवताना धून हळूहळू चढत जाते. तेथे वेग अंदाजानेच सुधारावा लागतो आणि नोंदीत तसे स्पष्ट लिहावे लागते.

काही कॅसेट पाहुण्यांनी भरून नंतर टपालाने पाठवलेल्या प्रती आहेत. १९६०च्या उत्तरार्धापासून शहरांतील तरुण ध्वनिमुद्रण यंत्रे घेऊन या भागात येऊ लागले. हद्दीपलीकडे टोस्ट गावी फिडलवादक टॉमी जॅरल यांच्या घरी तर असे पाहुणे सतत मुक्कामाला असत, आणि रस्तेखात्यातून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांनी कोणालाही विन्मुख पाठवले नाही. व्हर्जिनियातील ग्लेन लिनचे फिडलवादक हेन्री रीड यांचे वादन लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन जॅबूर यांनी १९६६-६७ मध्ये टिपले, तेव्हा रीड ऐंशी ओलांडलेले होते. ते मुद्रण आज लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयामुळे सर्वांना ऐकता येते. आमच्या पाहुण्यांच्या मूळ फिती कोठे आहेत याची चौकशी सुरू केली आहे, कारण प्रतीपेक्षा मूळ फीत नेहमीच बरी.

३० मार्च

तबकड्या आज केवळ पाहिल्या. १९३०-४०च्या दशकांत घरी तबकडी कोरण्याची यंत्रे मिळत. ॲल्युमिनियमच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा थर असे आणि त्यात सुई थेट खाच पाडीत जाई. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम युद्धकामाकडे वळल्यावर काचेच्या चकत्याही वापरल्या गेल्या. या संग्रहातील बहुतेक चकत्या पुठ्ठ्याच्या आहेत.

पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसते ती बुरशी नव्हे. लॅकर लवचीक राहावे म्हणून त्यात एरंडेल मिसळत. ते विघटित होऊन त्यातील पामिटिक आणि स्टिअरिक आम्ले वर येतात. भुकटी योग्य द्रावणाने काढता येते, पण तेल निघून गेलेला थर आक्रसतो आणि शेवटी चकतीपासून सुटून त्याच्या पापड्या पडतात. एका तबकडीच्या कडेला अशी भेग सुरू झाली आहे. ही तबकडी सुईने एकदाच वाजवता येईल असे धरूनच काम करावे लागेल. म्हणून ती घरी अजिबात लावायची नाही. खाचेच्या रुंदीप्रमाणे वेगवेगळ्या सुया बाळगणाऱ्या प्रयोगशाळेत सर्व तबकड्या उभ्या ठेवून न्यायच्या आहेत. काही घरगुती तबकड्या आतून बाहेर कोरलेल्या असतात, हेही प्रयोगशाळेला आधी कळवले आहे.

या तबकड्यांकडे पाहताना केंटकीतील मॅगॉफिन काउंटीची आठवण होते. तेथे १९३७ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक ॲलन आणि एलिझाबेथ लोमॅक्स यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी विल्यम स्टेप यांचे फिडल मुद्रित केले. त्यातील एक धून स्वरलिपीत उतरली आणि तेथून संगीतकार आरन कोपलंड यांच्या १९४२च्या बॅलेसंगीतात जाऊन जगभर पोहोचली. त्याच काउंटीत जॉन सॅलियर हे तोलामोलाचे फिडलवादक राहत. संग्राहकांच्या मुद्रणांत त्यांचे वादन आले नाही. १९४१-४२ मध्ये त्यांच्या मुलांनी घरच्या यंत्रावर तबकड्या कोरल्या, आणि आज सॅलियर यांचे वादन ऐकता येते ते त्या मुलांमुळे आणि त्या तबकड्या सांभाळणाऱ्या बेरिया कॉलेजमुळे. कोणाचे वादन टिकावे हे संग्राहकाच्या मार्गावर कोणाचे घर लागले यावर ठरू नये, असे मला मनापासून वाटते, आणि घरगुती मुद्रणांसाठी एवढे कष्ट घेण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे.

१३ एप्रिल

कुटुंबातील धाकट्या नातवाने विचारले की खरखर काढून स्वच्छ प्रत का देत नाही. प्रश्न रास्त आहे, कारण तो आजीचा बँजो मोटारीत ऐकू इच्छितो. त्याच्यासाठी ऐकण्याची एक प्रत सौम्यपणे साफ केली, पण आधी त्याला एका स्पूलचे दोन मिनिटांचे उदाहरण ऐकवले. संगणकातील गोंगाट काढणाऱ्या प्रणालीला सतत चालणारा बारीक सळसळता आवाज दोषच वाटतो. त्या स्पूलवरील सळसळ फिडलच्या पोटातून येते: आजोबांनी वाद्याच्या आत खुळखुळ्या सापाच्या शेपटीचा खुळखुळा टाकला होता, तशी या भागातील अनेक वादकांची जुनी चाल आहे. प्रणालीने तो पूर्ण पुसला. पुढच्याच धुनेत कोणीतरी फिडलच्या तारांवर, गजाच्या आणि बोटांच्या मधल्या जागेत, बारीक काड्यांनी ताल धरला आहे. तो ताल तिने तबकडीवरच्या ओरखड्यांसारखा मानून अर्धा खाऊन टाकला. बँजोच्या कातड्याला नख घासल्याचा आवाजही तसाच गेला.

नातवाने दोन्ही प्रती मागून घेतल्या.

२६ एप्रिल

हक्क आणि ठेव यांविषयी आज कुटुंबाशी सविस्तर बोलणे झाले. या धुना परंपरागत आहेत, त्यांवर कोणाची मालकी नाही. ध्वनिमुद्रणाची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेत २०१८च्या कायद्याने १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि कधीही प्रकाशित न झालेल्या अशा मुद्रणांचे ते संरक्षण १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत चालते. म्हणून परवानगी लेखी असावी, आणि ती आत्ताच, हयात असलेल्या सर्व वारसांच्या सहीने असावी, हा माझा आग्रह होता. अनेक संग्रह अभिलेखागारात सुखरूप असूनही कोणाला ऐकवता येत नाहीत, कारण खोकी देताना एक कागद करायचा राहिलेला असतो.

ठेवीसाठी फेरम कॉलेजची ब्लू रिज इन्स्टिट्यूट, ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीचे ॲपलाचियन अभिलेखागार आणि चॅपल हिल येथील सदर्न फोकलाइफ कलेक्शन या तिन्हींचा विचार चालू आहे. कन्यांची इच्छा आहे की फिती डोंगरापासून लांब जाऊ नयेत आणि ग्रेसन काउंटीतील कोणीही तासा-दोन तासांत जाऊन त्या ऐकू शकावे. तांत्रिक सोयींपेक्षा या अटीला मी अधिक वजन दिले आहे. मसुद्यात तीन गोष्टी घातल्या आहेत: बंद ठेवलेल्या भागावर कुटुंबाचा अधिकार राहील, प्रत्येक वादकाचे नाव सूचीत येईल, आणि ज्यांच्याकडून धून घेतल्याचे फितीवर सांगितले आहे त्यांचेही नाव, रेल्वेवरील त्या बँजोवादकासह, शोधनोंदीत स्वतंत्र येईल.

१० मे

तारेचे रीळ राहिले आहे. महायुद्धानंतरची काही वर्षे ही यंत्रे घरोघरी विकली गेली. केसाइतक्या, सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेवर सेकंदाला साधारण ६१ सेंटिमीटर वेगाने मुद्रण होई आणि तासाभरासाठी दोन किलोमीटरहून अधिक तार लागे. तार गंजलेली नाही, पण रिळाच्या कडेला एक वेटोळे सुटून दुसऱ्याखाली अडकले आहे. ते ओढून सोडवायचे नाही. ताणाची वाढ लगेच दाखवणारे आणि मोटर हळू सुरू होणारे यंत्र असलेल्या प्रयोगशाळेची वेळ जूनमध्ये मिळाली आहे. तार तुटलीच तर टोके गाठ मारून जोडता येतात आणि गाठीच्या जागी क्षणभराचाच आवाज जातो, तेव्हा गाठीची नेमकी वेळ नोंदवावी असे त्यांना लिहिले आहे.

चिकट झालेला स्पूल प्रयोगशाळेतून परत आला असून त्याची धारिका पडताळून तिन्ही ठिकाणी ठेवली आहे. थोरल्या कन्यांसोबतची पुढची बैठक २४ मे रोजी ठरली आहे. नाताळच्या स्पूलवर दोन आवाज अजून ओळखायचे आहेत, एक पुरुषाचा, धुनेचे नाव मागणारा, आणि एक मुलीचा, हसून दार लावून घ्यायला सांगणारा. त्या दोन जागा सर्वांत आधी ऐकवायच्या, मग बाकीचे.